डब्ब्यातलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर: आठ महिन्यांचा अनुभव आणि ते साडेसव्वीस तास

आषाढीच्या सकाळी आठ वाजता आई अंघोळ करून, गंध लावून कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मी डब्ब्यामागचा पेनड्राइव्ह काढून आणला, लावला, आणि बघतो तर फाइल शून्य केबी. रात्रभराचं पंढरपूर, शून्य केबी. "अजून सुरू नाही झालं का रे?" आईने विचारलं. त्याच वेळी लिहायला बसलो असतो तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. पण दुपारपर्यंत मत बदललं, दिवाळीत पुन्हा थोडं बिघडलं, आणि आता कार्तिकी झाल्यावर निवांत लिहितोय.

डब्बा म्हणजे डीडी फ्री डिशवर चालणारा, मागे यूएसबीचं भोक असलेला साधा सेट-टॉप बॉक्स. गुढीपाडव्याच्या आठवड्यात इथे इंदूरच्या महाराणी रोडवरून १,३५० रुपयांना घेतला. चॅनेल किती, रिमोट कसा, हे तुम्हाला माहीत असेलच. मला तो एकाच कामासाठी हवा होता: सह्याद्रीवरची कीर्तनं, अभंग, आषाढीची महापूजा रेकॉर्ड करायची आणि आईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लावून द्यायची. हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळनंतर सौभाग्यवतींचं राज्य. दुसरा टीव्ही घ्यायचा तर दहा-बारा हजार. मुलगा हैदराबादला गेल्यापासून त्याचा जुना कॉम्प्युटर मॉनिटरसकट धूळ खात होता. म्हणजे खर्च १,३५० अधिक पेनड्राइव्हचे ४५०. हिशेब संपला.

याआधी पैशांचं डीटीएच होतं. कंपनीचं नाव घेत नाही. त्यातही रेकॉर्डिंग होतं, पण पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की फायली नुसत्या दिसायच्या, उघडायच्या नाहीत. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, सर, ते एन्क्रिप्टेड असतं, त्याच बॉक्सवर चालेल. मग बॉक्स बिघडला, त्यांनी बदलून दिला, तर नव्या बॉक्सवर जुनं काही चालेना. एकदा रिचार्ज दोन दिवस राहिलं तर माझ्याच पेनड्राइव्हमधलं, मीच केलेलं रेकॉर्डिंग कुलूपबंद! महिन्याला ३४० रुपये भरून आपण आपल्याच घरात भाडेकरू. त्या दिवशी छत्रीची तार काढली ती काढलीच. फ्री डिशला महिन्याचं काही द्यायचं नाही, आणि फुकट खुल्या चॅनेलचं रेकॉर्डिंग निदान माझ्या डब्ब्यात तरी जसंच्या तसं, कुलपाशिवाय उतरतं. माझ्यासाठी निम्मा निकाल इथेच लागला.

सुरुवातीचे घोळ भराभर सांगतो. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दुकानातून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतो, डब्ब्याला फॅट३२ ही जुनी पद्धतच कळते. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच येत नाही, म्हणून फॉरमॅट डब्ब्यातच करा. दुसरं, चॅनेलच्या सिग्नलबरोबर येणारी वेळ ही ग्रीनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवायला डब्ब्याला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. पहाटे सहाची भक्तिगीतं लावली होती, मिळाला साडेअकराचा शेतीचा कार्यक्रम. आईने तोही पूर्ण पाहिला.

तिसरा घोळ म्हणजे फायलींचे तुकडे. माझ्याकडे तासाला साधारण दीड जीबी जागा जाते, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे पावणेतीन तासांच्या आसपास डब्बा फाइल तोडतो आणि पुढची सुरू करतो. कुठे तोडायचं याचं त्याला काही भान नाही. बुवा "पुंडलिक वरदे" म्हणतात आणि "हारी विठ्ठल" दुसऱ्या फायलीत.

आता चालवण्याचं. कॉम्प्युटरमधल्या मूळच्या प्लेअरने काही फायलींना फक्त आवाज दिला, चित्र काळं. कारण असं की फ्री डिशवर काही चॅनेल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये (चित्र दाबून लहान करायच्या या दोन पद्धती), आणि हल्लीच्या विंडोजमध्ये एमपेग-२ चं चित्र उलगडणारा भाग आधीपासून असतोच असं नाही, वेगळा टाकावा लागतो. मी त्या भानगडीत पडलो नाही, व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकला. फुकट आहे आणि दोन्ही चालवतो. हलणाऱ्या हातांभोवती फणीच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर कीबोर्डवर डी दाबा. प्रक्षेपणात एक चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या, आणि ते अर्धे नीट जुळले नाहीत की टाळकऱ्याला चार टाळ दिसतात.

तर आषाढी. महापूजा अडीचच्या सुमारास, म्हणून दोन ते साडेचार टायमर लावून मी झोपलो. तीन-सव्वातीनला गडगडाट झाला आणि लाइट गेली. लाइट जाते तेव्हा डब्बा फाइल "बंद" करत नाही, जागीच मरतो. पेनड्राइव्हच्या वहीत नाव लिहिलेलं राहतं, पुढे किती पानं भरली तो रकाना कोरा. म्हणून शून्य केबी.

पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तो लावलासुद्धा नाही. "भिया, ये तो गया। फॉर्मेट मार लो। और ये टीवी पे देखने की चीज है, कंप्यूटर पे कौन देखता है?" मी म्हटलं, माझी आई बघते. तर म्हणे, "तो माताजी को टीवी दिला दो ना।" आणि मागच्या भिंतीवरचा बत्तीस इंची दाखवला. मी न बोलता उतरलो. येताना पोहे-जिलेबीसुद्धा खाल्ली नाही, यावरून राग किती होता ते इंदूरवाल्यांना कळेल.

घरी आलो आणि मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, काही फॉरमॅट-बिरमॅट करून राहिले असाल तर थांबा. त्याच्यावर नवीन काही लिहू नका." मग विंडोजमधला चेक-डिस्क हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवायला लावला. मध्येच तो प्रोग्रॅम विचारतो, वारस नसलेल्या साखळ्या सापडल्यात, त्यांच्या फायली करू का? वाय दाबायचं, म्हणजे हो. पेनड्राइव्हवर एक लपलेलं फोल्डर उगवलं आणि त्यात एक निनावी फाइल, शेपटी (एक्स्टेन्शन) सीएचके, वजन दोन जीबीच्या जरा खाली. शेपटी बदलून टीएस केली (डब्ब्याच्या रेकॉर्डिंगची तीच असते), व्हीएलसीमध्ये टाकली.

आणि विठोबा दिसला. दुधाचा अभिषेक चालला होता. मानाचे वारकरी जोडपं बाजूला हात जोडून उभं. आई खुर्चीतून अर्धी उठली, नमस्कार केला, परत बसली. एक तास अठरा मिनिटं मिळाली, लाइट गेली त्या क्षणापर्यंतची.

हे कसं जमलं ते मुलाने समजावलं आणि मला डब्ब्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मोबाइलच्या एमपी४ व्हिडिओची अनुक्रमणिका बहुतेक वेळा शूटिंग संपल्यावर लिहिली जाते. मध्येच मोबाइल बंद पडला तर अनुक्रमणिका नाही, आणि ती नाही तर प्लेअरला आत शिरताच येत नाही. टीएस हा प्रकार हवेतून पाठवण्यासाठी केलेला. कोण कधी टीव्ही लावेल सांगता येत नाही, म्हणून सगळं १८८ बाइटच्या छोट्या पुड्यांत बांधलेलं, प्रत्येक पुडी एकाच ठरलेल्या खुणेने सुरू होते, आणि आत काय आहे याची यादी सतत परत परत पाठवली जाते. वारीसारखं. आळंदीहूनच निघायला हवं असं नाही, वाखरीला सामील झालात तरी चालायला जागा आहे. डोकं कापा, शेपूट कापा, मधलं चालतं. चार स्टार, म्हटलं.

आणि मग ते साडेसव्वीस तास.

आईला अभंग आवडला की ती म्हणते, "मागे घे." मागे घ्यायचं म्हणजे खालची पट्टी ओढायची. टीएसला अनुक्रमणिका नाही, हे एरवी वरदान, पण पट्टी ओढताना प्लेअर अंदाजाने उडी मारतो. दहा-वीस सेकंद इकडेतिकडे, ते चालतं. श्रावणातल्या एका कीर्तनाची लांबी मात्र पट्टीवर २६ तास ३० मिनिटं दिसली. कीर्तन तासाभराचं! पट्टी जराशी ओढली की थेट शेवट. मला वाटलं फाइल बिघडली, दुसरी लावली. ऐंशीएक रेकॉर्डिंगमध्ये अशा चार निघाल्या, वेगवेगळ्या महिन्यांतल्या, आणि चारही तशाच, २६ तास ३० मिनिटं. बिघाड असता तर आकडा प्रत्येक वेळी वेगळा नसता आला?

मी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. ताळेबंदात तीच तफावत चार वेळा आली तर झोप लागत नाही. प्लेअर बदलून पाहिला, पेनड्राइव्ह बदलला, डब्बा रिसेट केला, सगळे चॅनेल परत शोधले. सौ. म्हणाल्या, एवढ्या वेळात कीर्तन शिकला असता.

उत्तर शेवटी कॅल्क्युलेटरवर सापडलं. या पद्धतीत चित्र-आवाजावर वेळेचा शिक्का असतो. शिक्क्याचं घड्याळ सेकंदाला ९०,००० टिकटिका मोजतं, आणि आकडा लिहायला जागा ३३ बिटांची (३३ शून्य-एकांची). म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ टिकटिका झाल्या की जागा संपते आणि घड्याळ परत शून्यावर येतं. भागा ९०,००० ने: ९५,४४३ सेकंद आणि थोडं. म्हणजे २६ तास, ३० मिनिटं, ४३ सेकंद. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ वरून शून्यावर यायचा, तेच. रेकॉर्डिंगच्या मध्येच घड्याळ शून्यावर आलं की प्लेअर फसतो आणि अख्खा फेराच लांबी म्हणून दाखवतो. साडेसव्वीस तासांतून एकदा हे होतं, माझी रेकॉर्डिंगं तासाभराची, म्हणजे सव्वीस-सत्तावीसात एखादी सापडणार. ऐंशीत तीन अपेक्षित, माझ्या वाट्याला चार. तफावत जुळली.

तर दोष ना डब्ब्याचा, ना प्लेअरचा, ना पेनड्राइव्हचा. दुकानदाराचाही नाही, हे नाइलाजाने लिहितो. पण दोष कुणाचाच नाही हे कळल्याने आईला मागे जाता येत नाही ना!

उपाय आहे. एमकेव्हीटूलनिक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम. टीएस फाइल त्यात टाकायची, तुटलेला दुसरा भाग असेल तर तो तिच्या शेपटीला जोडायचा, बटण दाबायचं. चित्र-आवाजाला हात न लावता तो फक्त पेटी बदलतो, अनुक्रमणिका लिहितो. त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरही दीड जीबीला दोन मिनिटं पुरतात. चारही कीर्तनं आपापल्या खऱ्या लांबीवर आली, "हारी विठ्ठल" ही सांधलं गेलं. फक्त मूळ टीएस लगेच पुसू नका, आधी नवीन फाइल शेवटपर्यंत बघून घ्या. मी दिवाळीत घाई केली आणि एक भजन मुकं झालं. आवाजाच्या खुणेवरची टिक मीच चुकून काढली होती. त्या रागात दोन दिवस तीन स्टारवर होतो.

राहता राहिली लाइट. डब्ब्यासाठी इन्व्हर्टर घेणं म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग. पण माझ्या डब्ब्याचा अडॅप्टर बघितला तर १२ व्होल्टचा, आणि वायफायच्या राउटरसाठी घेतलेला हाताएवढा मिनी यूपीएस घरात होताच, तोही १२ व्होल्टचा. पिन तीच, अँपिअर पुरेसे. (दोन्ही आकडे वाचूनच लावा, नुसती पिन बसते म्हणून नाही.) छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज डब्ब्यातूनच जाते, त्यामुळे टीव्ही बंद, घर अंधारात, तरी रेकॉर्डिंग चालू. कार्तिकीच्या पहाटे दहा मिनिटं लाइट गेली होती, हे मला सकाळी भिंतीवरच्या लुकलुकणाऱ्या घड्याळावरून कळलं. फाइल अखंड मिळाली.

साडेचार स्टार. अर्धा त्या साडेसव्वीस तासांसाठी कापलाय. आता लाइट गेली की घरातलं वायफाय जातं आणि डब्बा चालू राहतो. मिनी यूपीएस एकच आहे, दुसरा अकराशेला मिळतो, आणि यावर घरात सध्या दोन मतं आहेत.