चाचणीची लेन्स एक, घरी आली ती दुसरी

जुनी टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स विकणारा माणूस ‘आधी वापरून बघा, मग पैसे द्या’ असे म्हणाला, की घेणाऱ्याची निम्मी शंका तिथेच फिटते. गेल्या मार्चमध्ये नवी मुंबईत माझी जी फसवणूक झाली ती याच सवलतीच्या आडून झाली, आणि ही युक्ती दुसऱ्या कोणावर चालू नये म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

कॅननची 100-400 मिमी, दुसऱ्या आवृत्तीची लेन्स 85 हजार रुपयांना विकणे आहे, अशी जाहिरात होती. लेन्स जेमतेम दीड-पावणेदोन किलोची, त्यामुळे ती हातात धरून उडता पक्षी टिपता येतो, आणि म्हणूनच आम्हा ठाण्याच्या पक्षी टिपणाऱ्या मंडळींत तिला कायम मागणी असते. विक्रेत्याने भेटीसाठी सीवूड्सजवळचा डीपीएस तलाव सुचवला आणि वेळ दिली ती भरतीची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून 2015 मध्ये जाहीर झालेला भाग भरतीच्या पाण्याखाली गेला, की चिखलात चरणारे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उठून अशा उथळ तळ्यांत येऊन उभे राहतात, हे इथल्या प्रत्येक पक्षीवेड्याला ठाऊक आहे; समोर गुलाबी थवा उभा असताना घेणाऱ्याचे लक्ष कुठे असणार, हे त्या विक्रेत्यालाही तितकेच ठाऊक होते.

चाचणीबद्दल मात्र मला तक्रार करायला जागा नाही. मी माझ्याच कॅमेऱ्यावर लेन्स चढवून, माझ्याच कार्डावर, 400 मिमीला, म्हणजे पूर्ण झूमवर, आणि एफ 5.6 ॲपर्चरवर रोहितांचे, शेकाट्या पक्ष्यांचे आणि समोरच्या इमारतीच्या कठड्याचे भरपूर फोटो काढले. डावी-उजवी कड सारखीच स्पष्ट होती, फोकस झटकन बसत होता, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर व्यवस्थित चालत होता. लेन्सवर जंगलात वापरतात तसे ठिपक्याठिपक्यांचे कापडी कव्हर घट्ट बसवलेले होते आणि बॅरलवरचा क्रमांक त्याखाली झाकला गेला होता. अशी कव्हरे वन्यजीव छायाचित्रकारांच्या लेन्सवर सर्रास असतात, त्यामुळे त्यात वावगे वाटण्यासारखे काहीच नव्हते.

खरा डाव पुढे झाला. व्यवहारासाठी आम्ही त्याच्या गाडीत बसलो. वातानुकूलन जोरात चालू होते आणि मागच्या सीटवर त्याचा एक सहकारी खोका, फोम आणि चिकटपट्टी घेऊन तयारच होता. मी पाठीवरची बॅग पुढे केली, तेव्हा विक्रेता म्हणाला, “साहेब, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत धक्का बसला तर आतली काच सरकेल, आम्ही नीट बांधून देतो. आणि लेन्स एसीत गार झालीय, बाहेरच्या दमट हवेत उघडू नका, आत वाफ धरेल. घरी नेऊन रात्रभर तशीच राहू द्या.” दोन्ही वाक्यांत अर्धे सत्य आहे, म्हणूनच ती पटतात. गार लेन्स दमट हवेत काढली तर काचेवर बाष्प धरते आणि तापमान सारखे होईपर्यंत ती बंद ठेवावी, हे खरेच; पण त्यासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि उन्हात वापरलेली लेन्स दोन-चार मिनिटांत गारठत नाही. त्याला हवी होती ती खोका न उघडण्याची एक रात्र.

त्याच वेळी क्यूआर कोडवर भलत्याच माणसाचे नाव आले, ते मेहुण्याचे खाते असल्याचा खुलासा झाला, मग व्यवहार अडकला आणि पुन्हा करावा लागला. विक्रेता आणि मी मोबाईलच्या पडद्यात डोके घालून बसलेलो असताना मागच्या सीटवर बांधाबांध उरकली गेली. नेरूळहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये मी तो खोका तान्ह्या मुलासारखा मांडीवर सांभाळत आणला.

सकाळी खोका उघडला तर कव्हर तसेच, आत मॉडेलही तेच. पण पहिल्याच फोटोत उजवी बाजू पुसट आली. पुढच्या काचेतून टॉर्च मारून मागून पाहिले तेव्हा आतल्या काचेवर बुरशीचे पांढरे तंतू स्वच्छ दिसले. फोनवर विक्रेता शांतपणे म्हणाला, “बॉक्सवरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि लेन्सवरचा नंबर जुळतोय ना? मग बुरशी तुमच्या कपाटात धरली असेल.” नंबर खरोखरच जुळत होते, कारण बॉक्स आणि बिल मुळात या खराब लेन्सचेच होते. रात्रीत एवढी बुरशी धरत नाही, तिला अनेक दिवसांचा दमटपणा लागतो, हे सांगून उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो माझ्या कार्डावरच्या फोटोंचा. माझा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत आपोआप साठणाऱ्या माहितीत, लेन्सचा अंतर्गत क्रमांकही नोंदवतो. तलावावरच्या फोटोंत एक क्रमांक होता आणि घरी काढलेल्या फोटोंत दुसरा. म्हणजे लेन्स बदलली गेली, याला आता माझ्या शब्दाची गरज उरली नाही. ही माहिती संगणकावर साध्या मोफत प्रोग्रॅमने वाचता येते, पण सगळेच कॅमेरे आणि सगळ्या लेन्स ती नोंदवत नाहीत, म्हणून आपला कॅमेरा ती नोंदवतो का, हे व्यवहाराला जाण्याआधीच घरी पाहून ठेवावे. नसेल तर कव्हर काढायला लावून बॅरलवरच्या क्रमांकाचा फोटो त्याच कार्डावर घ्यावा आणि तो बॉक्सशी तिथेच ताडून पाहावा. चाचणी झालेली लेन्स कॅमेऱ्यावरून उतरली की थेट स्वतःच्या बॅगेत जावी. पैसे देईपर्यंत बॅग विक्रेत्याच्या नजरेसमोर ठेवायला कोणाचीच हरकत नसते, आणि ज्याची असते त्याच्याशी व्यवहार करू नये.

पैसे ऑनलाइन गेले असल्याने मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा अर्ज दिला. मूळ फाइल्स असलेले कार्ड मी बाजूला काढून ठेवले आहे, कारण पुरावा म्हणून कॉपीपेक्षा मूळ फाइलला वजन असते. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

याच मॉडेलची, त्याच ठिपक्यांच्या कव्हरातली लेन्स अलीकडे वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला आलेली मी पाहिली. तलावावर हाताळताना पाहिलेली झूम रिंगजवळची कव्हराची उसवलेली शिवण फोटोत ओळखू येते, आणि भेटीचे ठिकाण या वेळी उरणकडची पाणथळ आहे, वेळ भरतीची.