जीकॉम्प्री की टक्स पेंट : लहान मुलांच्या फ्री गेम्ससाठी काम करायचं तर कुठे?

कॉलेजच्या दोघातिघांनी हे विचारलं म्हणून लिहितोय. दोन्हीकडे थोडं थोडं काम केलंय, त्यामुळे सांगतोय ते अनुभवाचं आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, दोन्ही जुने. जीकॉम्प्री म्हणजे लहान मुलांच्या शिकायच्या खेळांचा संच, २००० साली ब्रुनो कुदोएँने सुरू केलं, आता ते केडीई या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये आहे. टक्स पेंट २००२ चं, बिल केंड्रिकचं. काटेकोर बोलायचं तर टक्स पेंट हा गेम नाही, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे, पण पोरं त्याला गेमच म्हणतात.

कोडिंग शिकायचं असेल तर जीकॉम्प्री भारी आहे हे आधीच कबूल करतो. २०१४ पासून सगळं क्यूटीवर (प्रोग्रॅम बनवायची तयार चौकट) नव्याने लिहायला घेतलं, प्रत्येक खेळाचा वेगळा फोल्डर, आत क्यूएमएल (क्यूटीची स्क्रीन मांडायची भाषा) आणि जावास्क्रिप्ट, त्यामुळे एखादा छोटा खेळ एका बैठकीत वाचून समजतो. माझी मर्ज रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या ही विनंती) ज्यांनी तपासली त्यांनी ओळ न ओळ वाचली, त्यातून मी जे शिकलो ते क्लासमध्ये शिकलो नसतो. टक्स पेंट सी भाषेत आणि एसडीएल या ग्राफिक्सच्या लायब्ररीवर आहे, हल्लीच्या पोरांना सी चा कंटाळा येतो, पण येत असेल तर काही अडचण नाही.

भाषांतर दोन्हीकडे पीओ फाइलमध्येच, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याखाली आपलं भाषांतर अशी साधी फाइल. जीकॉम्प्रीत आवाजाचं काम मात्र मोठं आहे. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला ऐकूनच कळणार ना, आणि आपल्या मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळे नीट म्हणावे लागतात. मी भाचीला घेऊन मे महिन्यात घरी नमुन्याचं रेकॉर्डिंग करून पाहिलं, कूलर बंद केल्याशिवाय आवाज स्वच्छ येत नव्हता आणि नागपुरात मे मध्ये कूलर बंद म्हणजे दहा मिनिटांवर पोर बसत नाही.

आता माझं जिथे अडलं ते सांगतो. मी शनिवारी एका शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये जातो. जुने पीसी, नेट नाही. जीकॉम्प्रीत एक शब्द दुरुस्त केला की तो तपासला जाणार, मग पुढच्या व्हर्जनमध्ये येणार, मग मी ते व्हर्जन पेनड्राइव्हवर नेणार. हे बरोबरच आहे, १९० च्या आसपास खेळ आणि इतक्या भाषा सांभाळायच्या तर शिस्त हवीच. स्वतः बिल्ड करूनही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवूनही टाकता येतं, पण माझ्या चार जीबीच्या लॅपटॉपवर तेवढ्यात रात्र जाते. आणि तोपर्यंत ज्या पोरीने चूक दाखवली ती पुढच्या वर्गात गेलेली असते. मला हेच खूप लागायचं.

टक्स पेंटमध्ये स्टँप नावाची सोय आहे, तयार चित्र शिक्क्यासारखं उमटवायची. मागे तान्हा पोळ्याच्या आधी घरच्या लाकडी नंदीचा फोटो काढला, गिंप या फोटो एडिटरमध्ये मागचं सगळं पुसलं, पीएनजी केली. त्याच नावाची एक टेक्स्ट फाइल, पहिली ओळ इंग्रजीत, खाली मराठी. शिवाय भाचीच्या आवाजात एक ओजीजी, म्हणजे आवाजाची फाइल. तिन्ही स्टँपच्या फोल्डरमध्ये टाकल्या, झालं, कोडची एक ओळ नाही. शनिवारी तिसरीतला एक पोरगा स्क्रीनला बोट लावून म्हणतो, "दादा, ह्या नंदीले चाकं काऊन नाही?" बरोबर होतं त्याचं, फोटो काढताना चाकाची पाटी मीच कापली होती. पुढच्या शनिवारी चाकंवाला नंदी घेऊन गेलो, त्याने आधी चाकंच मोजली आणि मग अख्ख्या स्क्रीनभर नंदीच नंदी उमटवले.

अधिकृत संग्रहात जायचं तर टक्स पेंटमध्येही वाट पाहावी लागते, नाही म्हणत नाही. पण समोरच्या पोराला त्या वाटेवर उभं राहावं लागत नाही.

तर ज्याला मोठ्या प्रोजेक्टमध्ये कोड लिहायचा अनुभव हवा, गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स कामासाठी गूगलचा कार्यक्रम) वगैरे डोक्यात आहे, त्याने जीकॉम्प्रीच घ्यावं, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी आधी एक संध्याकाळ काढून एक स्टँप करून बघा असं मला वाटतं. संत्र्याचा माझ्याकडे तयार आहे, पळसाच्या फुलाचा अजून कोणी केलेला नाही.