गुडघ्यातील एक्झोसोमसाठी २,८३,२०० रुपये भरण्यापूर्वी हे वाचा

घोडबंदर रस्त्यावरील एका क्लिनिकने माझ्या उजव्या गुडघ्याच्या ‘एक्झोसोम थेरपी’साठी, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या इंजेक्शनांसाठी, २,८३,२०० रुपये घेतले आणि त्यानंतर सुजलेल्या गुडघ्यातील पाणी काढण्यासाठी, तपासण्यांसाठी व औषधांसाठी मला दुसरीकडे ११,४०० रुपये मोजावे लागले. गृहसंकुलातील मोफत सांधे तपासणी शिबिर, ‘काकू, काकू’ करणारी समुपदेशक आणि आजच्या आज नोंदणी केली तरच मिळणारी सवलत, हा सारा प्रकार ठाणेकरांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. शिबिरातच २५,००० रुपये आगाऊ घेतले गेले, एवढे फक्त नोंदवते.

“तू तर विज्ञानाची शिक्षिका, तू कशी फसलीस?” असे माझ्या जाऊबाईंनी विचारले. त्यांना सांगितले तेच इथे सांगते: मी चौकशी केली होती, आणि जे जे तपासले ते खरे निघाले. एक्झोसोम ही थाप नाही. पेशी बाहेर सोडतात त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या पिशव्या असतात, त्यांत प्रथिने, मेदद्रव्ये आणि आरएनए असतात आणि त्यांच्याद्वारे पेशी एकमेकींना संदेश देतात. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या रक्तपेशींवरील संशोधनात त्या दिसल्या आणि १९८७ मध्ये त्यांना हे नाव मिळाले. सांधेदुखीवरील प्राण्यांमधील प्रयोगांत आशादायक निष्कर्ष आले आहेत, हेही खरे आहे. माहितीपत्रकात २०१३ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख होता. ते पारितोषिकही खरेच आहे, फक्त ते पेशीच्या आतील वाहतूक कशी चालते या शोधासाठी होते, गुडघ्यात इंजेक्शन देण्यासाठी नव्हे. ही मंडळी खोटे विज्ञान सांगत नाहीत. खरे विज्ञान सांगतात आणि मान्यता नसलेला माल त्याच्या आडून विकतात, त्यामुळे थोडेफार वाचणारा माणूस त्यांना अधिक सोपा जातो.

मान्यतेबद्दल मी विचारले होते. उत्तर असे मिळाले, की मूलपेशींवर (इतर पेशी घडवू शकणाऱ्या ‘स्टेम सेल’वर) बंधने आहेत, परंतु एक्झोसोममध्ये पेशीच नसल्यामुळे ती बंधने लागू होत नाहीत. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठी होणारे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर हा नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. न सांगितलेला भाग असा, की जे द्रव्य रोग बरा करण्यासाठी सांध्यात टोचले जाते ते औषध ठरते आणि नव्या औषधाला २०१९ च्या नियमांनुसार चाचण्या व परवानगी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही डिसेंबर २०१९ मध्ये एक्झोसोम उत्पादनांबाबत जाहीर इशारा दिला होता आणि असे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नसल्याचे त्यात स्पष्ट म्हटले होते. कोणी ‘ही चाचणी आहे’ असे म्हणाले, तर भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील क्रमांक मागा; आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर तिथून सरळ उठा.

आता त्या क्षणाविषयी, जो आठवला की अजूनही संताप होतो. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी मी खाटेवर होते, गुडघ्याला बीटाडीन लावून झाले होते आणि शेजारच्या ट्रेमध्ये कुपीचा खोका उघडा पडला होता. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘केवळ बाह्य वापरासाठी’ अशा अर्थाची सूचना होती आणि तिच्या वरच्या ओळीत ‘कॉस्मेटिक’ हा शब्द होता. चष्मा डोळ्यांवर होता, मी वाचले, आणि विचारलेही. “काकू, आयातीसाठी तसं छापावं लागतं, आतलं द्रव्य तेच असतं,” असे सुई हातात धरलेल्या डॉक्टरांनी हसत सांगितले. एक तृतीयांश पैसे शरीरात गेलेले, उरलेले त्यांच्या खात्यात, पाय उघडा आणि सुई समोर, अशा अवस्थेत किती माणसे उठून चालू लागतील, हे मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावे. आपल्या कायद्यातील सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छतेसाठी किंवा सौंदर्यासाठी शरीरावर चोळण्याची, ओतण्याची, शिंपडण्याची वस्तू अशी आहे; गुडघेदुखी बरी करण्यासाठी टोचण्याची नव्हे. खोका मागून घ्या आणि त्याचे छायाचित्र काढा. मला छायाचित्र काढू दिले नाही.

पावती तर त्याहून बोलकी होती. तीन इंजेक्शनांचे प्रत्येकी ८०,००० प्रमाणे २,४०,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४३,२०० रुपये. वैद्यकीय उपचारांवर जीएसटी नसतो, तो सौंदर्योपचारांवर असतो. पावतीवर ‘वेलनेस सेवा’ असे लिहिले होते. गुडघेदुखीचा उल्लेखही नव्हता. म्हणजे सरकारी कागदावर त्यांनी माझा गुडघा सजवला होता.

पहिल्या इंजेक्शननंतर ‘सुधारणा’ दाखवण्यासाठी काढलेला एक्स-रे ही आणखी एक युक्ती. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, एक्स-रेमध्ये दिसत नाही, फक्त हाडांमधील फट दिसते, आणि उभे राहिल्यावर वजन पडून ती कमी दिसते. माझा आधीचा एक्स-रे उभ्याने काढलेला होता आणि नंतरचा झोपवून, म्हणून फट वाढल्यासारखी दिसली. हे मला सूज आल्यावर ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी धरून दाखवले. तिसरे इंजेक्शन मी नाकारले, तेव्हा पॅकेजचे पैसे परत मिळत नाहीत असे सांगण्यात आले.

यापुढचा मनस्ताप सरकारी दारांतला. पोलिसांनी सांगितले, की हा उपचाराबाबतचा वाद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालामुळे तज्ज्ञांच्या मताशिवाय डॉक्टरांवर कारवाई करता येत नाही. तो निकाल वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल आहे. माझी तक्रार चुकीच्या नावाखाली माल विकल्याची, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीची आहे, असे मी लेखी दिले. अर्जावर शिक्का मिळाला, बाकी काही नाही. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यातील अधिकारी म्हणाले, की सौंदर्यप्रसाधन म्हणून कागद ठीक असतील तर डॉक्टर ते कुठे वापरतात हा आमचा विषय नाही. मग कोणाचा? महापालिकेत सांगण्यात आले, की खाटा असलेल्या रुग्णालयांचीच नोंदणी तिथे होते. डॉक्टरांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या संस्थेने त्यांचा नोंदणी क्रमांक मागितला, आणि तो क्रमांक त्यांच्या कागदावर नाही हीच माझी तक्रार होती! प्रत्येक टेबलावरचा माणूस सौजन्याने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवत होता आणि दुखऱ्या गुडघ्याने जिने मी चढत होते.

‘एका कुपीत इतके अब्ज कण’ या आकड्यालाही भुलू नका. कण मोजणारे यंत्र त्या आकाराचे काहीही मोजते, प्रथिनांच्या गुठळ्याही. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक नसेल तर पैसे काढू नका. रोख तर मुळीच देऊ नका. माझे २५,००० रोखीने गेले आणि त्यांची वेगळी पावती मिळवायला मला भांडावे लागले.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे याच प्रकारे फसलेल्यांनी लाजेखातर थांबू नये. क्लिनिक सुरू आहे. त्यांचे पुढचे शिबिर कासारवडवलीतील एका संकुलात असल्याचा फलक लागला असून त्यावर आता गुडघ्यांबरोबर केसगळतीचाही समावेश झाला आहे.