गिरगावातील चाळींचा प्रश्न : एकच टॉवर की प्रत्येक चाळीची स्वतंत्र इमारत?

आमच्या गल्लीतील रहिवाशांसमोर सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिला विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(९) खालील समूह पुनर्विकासाचा असून, त्यात सगळ्या चाळी पाडून जवळजवळ पन्नास मजल्यांचा टॉवर उभारला जाईल. दुसरा ३३(७) खालचा आहे. त्यात प्रत्येक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ आपापल्या भूखंडावर बारा-पंधरा मजल्यांची होईल.

आकडेवारीत समूह योजनेचे पारडे जड आहे. मुंबईच्या शहर विभागात तिला किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, ४ मिळतो, तर ३३(७) मध्ये तो ३ आहे; दोन्हींत रहिवाशांचे पुनर्वसन क्षेत्र आणि विकासकाला विक्रीसाठी मिळणारे प्रोत्साहन क्षेत्र यांची बेरीज याहून जास्त भरली, तर तेवढा मिळतो. रस्ता रुंद करणे, मोकळी जागा राखणे, मलनिःसारणाची जुनी वाहिनी बदलणे हे सुट्या भूखंडावर जमत नाही, हेही मान्य करायला हवे. मात्र एवढ्या चाळींची संमती जमेपर्यंत काम अडू शकते, आणि तोवर घर रिकामे केलेल्यांनी भाड्याच्या खोलीत किती वर्षे काढायची, याचे उत्तर सभेत कोणी दिलेले नाही.

टॉवरवर टीका करणारे वास्तुविशारद प्रामुख्याने उंचीबद्दल बोलतात. मला तो मुद्दा अपुरा वाटतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण केलेली कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ २८ मजल्यांची आहे. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा ज्या पश्चिमेकडून मिळतो, त्याच दिशेने दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा येतो, हे ओळखून त्यांनी कोपऱ्यांवर दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या आणि जुन्या बंगल्याचा व्हरांडा वर नेला. ती श्रीमंतांची घरे आहेत, आपली नव्हेत; तरीही उंच इमारत हवेशीर करता येते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

म्हणून उंचीपेक्षा पुनर्वसनाच्या मजल्याचा नकाशा पाहावा. माझ्या मावशीचे नवे घर अशाच एका पुनर्वसन टॉवरमध्ये आहे. तिथे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, कारण मधल्या बोळाला एकही खिडकी नाही. खालचे सहा मजले पार्किंगच्या पोडियमचे असल्यामुळे रस्त्यावरून नुसती जाळीची भिंत दिसते आणि भाजीवाल्याला वरून हाक मारण्याचा प्रश्नच उरलेला नाही. चाळीच्या गॅलरीत बसून पापड वाळवणाऱ्या माणसाला हा बदल किती जड जातो, ते मी जवळून पाहिले आहे.

मासिक खर्चाचेही तसेच आहे. लिफ्ट, पंप आणि अग्निसुरक्षा यंत्रणा टॉवरमध्ये अधिक आणि महाग असतात. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे देखभालीसाठी विकासकाने दिलेल्या ठेवीच्या, व्याजातून तो खर्च भागेल की नाही, हे लेखी मागावे. छोट्या इमारतीत हा भार तुलनेने हलका राहतो.

माझे मत सांगायचे तर, आजच्या स्वरूपातील टॉवरला मी संमती देणार नाही. बोळाला दोन्ही टोकांना उजेड, पोडियमच्या रस्त्याकडील बाजूला आत्ताच्या दुकानदारांचे गाळे आणि भाड्याची हमी करारनाम्यात आली, तर समूह योजनाच अधिक लाभाची ठरेल. अन्यथा आपली चाळ ३३(७) खाली स्वतंत्रपणे न्यावी. पुढच्या सभेला येताना पुनर्वसन मजल्याचा नकाशा मागून घ्या आणि आपल्या खोलीची खिडकी नेमकी कुठे उघडते, ते बोट ठेवून विचारा.