कोकणातलं जुनं कौलारू घर: चिऱ्याचं घ्यावं की मातीचं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जुनी घरं बाहेरून बरीचशी सारखी दिसतात: पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं, मागे विहीर. फरक गिलाव्याच्या आत असतो. काही भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, काही निव्वळ मातीच्या, तर कुठे जोतं चिऱ्याचं आणि वर माती. विकणाऱ्यालाही कधीकधी हे ठाऊक नसतं. खिडकीच्या चौकटीशी फट असेल तिथे टॉर्च मारून बघा.

चिऱ्याची भिंत पाणी सोसते. तिचं दुखणं सांध्यात. चिरे चुन्यात बसवलेले असतील तर चिंता नाही, पण पुष्कळ घरांत ते मातीत रचलेले आहेत. सांध्यात किल्ली फिरवा. चुना असेल तर नुसता खरवडला जातो. माती असेल तर भुरभुरते आणि किल्ली बोटभर आत जाते. अशा सांध्यांत मुंग्या-उंदीर पोकळ्या करतात. तरी भिंत पाडावी लागत नाही: सांधे इंच-दीड इंच साफ करायचे, पाणी मारायचं आणि चुना-वाळू 1:3 भरायची.

मातीच्या भिंतीचा खालचा हात-दीड हात बघायचा. पागोळ्या अंगणात आपटतात आणि शिंतोडे तिथेच बसतात. जुन्या लोकांनी म्हणूनच पाख लांब सोडले, पावसाळ्यात झडीच्या बाजूला झापं (विणलेल्या झावळ्या) बांधली. घोटाळा होतो तो नंतर कुणीतरी ‘पक्कं’ करायला म्हणून सिमेंटचा गिलावा चढवतो तेव्हा. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडत नाही, मागे मातीचा लगदा होतो आणि वरून भिंत मात्र देखणी. जमिनीपासून फूटभर उंचीवर बोटाच्या पेरांनी ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तो गिलावा उतरवून माती-चुन्याचा करावा लागेल, आणि आत किती भिंत उरली आहे हे तेव्हाच कळेल. खर्चाचा अंदाज आधी कुणीच देऊ शकत नाही, हीच मातीच्या घराची खरी अडचण.

छपराचं तसं नाही. ते मोजता येतं. 1000 चौरस फुटांच्या घराचं छप्पर उतार आणि पाखांसकट 1400 च्या आसपास भरतं. चौरस मीटरला साधारण 15 कौलं धरली तर 2000 कौलं, वर फुटतुटीची 10 टक्के. वाशांची टोकं भिंतीवर टेकतात तिथे पेचकस टोचा. लाकूड सर्वात आधी तिथेच कुजतं. पेचकस अर्धा इंच सहज रुतला तर तो वासा गेला. वासे बदलताना ते भिंतीला पट्ट्यांनी बांधून घ्या; 3 जून 2020 ला निसर्ग वादळात किनाऱ्यावर छपरं उडालेली सगळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून चिऱ्याचं गळकं घर आम्ही मातीच्या ठणठणीत छपराच्या घरापेक्षा वर धरू. अपवाद एकच: जोतं दोन फूट चिऱ्याचं, पाख लांब आणि सिमेंट कुठेच नाही. असं मातीचं घर कमी किमतीत मिळत असेल तर सोडू नका.

न्हाणीघर-संडास दोन्हीकडे मागच्या बाजूला, वेगळ्या पायावर. मातीच्या भिंतीत नळ गाडायचे नाहीत. सांधा गळू लागला तर पायाच भिजतो. वायरिंगही तिथे पट्टीतून, भिंतीवरून. चिऱ्यात खाच मारता येते. दोन्हीकडे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतोच, आणि अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या पाण्याजवळ घ्या, कारण जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते. शोषखड्डा विहिरीपासून किमान 50 फूट.

कागदात मात्र चिरा आणि माती सारखीच. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, हे सातबाऱ्यावर बघा. शेतजमीन असेल तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असणं नेहमीचंच, त्यातली निम्मी मुंबईत. प्रत्येकाची सही खरेदीखतावर हवी किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल तर तीही लिहून घ्या.

घर बघायला जायचं ते जुलैत, दोन दिवस झड लागून राहिल्यावर. दिवाळीनंतर सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात.