‘लस दिलेला’ ससा आणि खराखुरा पॉझिटिव्ह रिपोर्ट

ससा विकणारा ‘याला ई. क्युनिक्युलीची लस टोचलीय’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या सूक्ष्म परजीवीवर लसच निघालेली नाही. सशांना लशी मिळतात त्या मिक्सोमॅटोसिस आणि रॅबिट हेमरेजिक डिसीज या विषाणूजन्य रोगांच्या. आम्हाला मात्र असा ‘लस दिलेला’ ससा चढ्या भावाने विकला गेला, तोही लॅबचा रिपोर्ट दाखवून.

खरी चलाखी त्या रिपोर्टातच होती. लॅब खरी, सही-शिक्का खरा, निकालही खरा: आयजीजी अँटिबॉडी (रोगाशी लढणारं, रक्तात बराच काळ टिकणारं प्रथिन) पॉझिटिव्ह. ब्रीडरने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बघा, लस लागू पडली. प्रतिकारशक्ती तयार आहे.” ऐकणाऱ्याला पटणारच. पण लसच नाही म्हटल्यावर या अँटिबॉडी येणार कुठून? संसर्गातूनच (किंवा अगदी लहान पिल्लू असेल तर आईकडून). संसर्गाचाच पुरावा दाखवून जास्त पैसे घ्यायचे, या डोक्याला दाद द्यावी की शिव्या, कळत नाही.

काही आठवड्यांनी सशाची मान एका बाजूला कलली. बुबुळं सारखी हलत होती. गवताची काडी तोंडात धरायचा आणि तोल जाऊन कुशीवर लोळायचा. ब्रीडरला फोन केला, तर “बूस्टर राहिलाय, त्याचे पैसे वेगळे.” बाटलीचा फोटो मागवला. हाताने लिहिलेलं लेबल. ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना मुदतीची तारीख.

डॉक्टरांनी आधी कान तपासले, कारण कानातल्या जंतुसंसर्गानेही मान अशीच वाकडी होते. मग रिपोर्ट समजावला. या परजीवीचे बीजाणू बाधित सशाच्या लघवीतून बाहेर पडतात आणि चाऱ्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. बीजाणूतून एक बारीक नळी झटक्यात बाहेर येते, पेशीत घुसते आणि आतला ऐवज तिथे सोडते. पुढे मूत्रपिंड, मेंदू, कधी डोळ्याचं भिंग. सशाच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) परजीवीला दाबून ठेवतात, पण पुरतं हुसकावतीलच असं नाही. अँटिबॉडी रक्तात असतानाही तो आत तग धरून राहू शकतो. म्हणूनच कित्येक पॉझिटिव्ह ससे जन्मभर ठणठणीत राहतात, तर काहींची मान अशी अचानक कलते. आयजीएम (संसर्गात आधी तयार होणारी अँटिबॉडी) हीही पॉझिटिव्ह आली, तर संसर्ग ताजा किंवा पुन्हा उसळलेला असण्याची शक्यता वाढते.

फेनबेंडाझोल हे परजीवीवरचं औषध सुरू झालं, किलोमागे 20 मिलिग्रॅम, रोज, 28 दिवस. अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मान पूर्ण सरळ होईलच, असं त्यांनीही म्हटलं नाही.

‘निगेटिव्ह’ रिपोर्टवरही उड्या मारू नका. संसर्गानंतर अँटिबॉडी दिसायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे ताज्या संसर्गात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नवा ससा वेगळा ठेवा आणि महिन्याभराने तपासणी पुन्हा करा. आमचा जुना ससा पहिल्या तपासणीत निगेटिव्ह आला, दुसरी अजून व्हायचीय.

पैसे परत मागितल्यावर ब्रीडरचं एकच पालुपद: “रिपोर्ट खोटा आहे का?” रिपोर्ट खोटा नाहीच. खोटी आहे ती लस, आणि तिचा दावा त्याने मेसेजमध्ये लेखी केलाय. तो मेसेज, पावती आणि बाटलीचा फोटो जोडून ग्राहक तक्रार केली आहे. सध्या त्याच्या जाहिरातीतून ‘लस’ गायब झालीय. तिथे आता ‘अँटिबॉडीयुक्त ससे’ असं लिहिलंय.