पाचपैकी साडेतीन: भाचीला सेमिनरीत घालून आलो त्याची हकिगत

संस्थेचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहायचंय तशी तक्रारही लिहायचीय, आणि भाची अजून तिथंच शिकतेय. एवढंच सांगतो की सेमिनरी (चर्चचे पाळक घडवणारं धर्मशास्त्राचं कॉलेज) महाराष्ट्रातलीच, इंग्रजी माध्यमाची आणि आमच्या जालना जिल्ह्यातल्या गावापासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर. मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. धर्मशास्त्राशी माझा संबंध रविवारच्या उपदेशापुरता, तोही पंख्याखाली जागा मिळाली तर जागं राहून ऐकलेला. पण बहिणीचे मालक वारले, त्यामुळं एस्तेरच्या प्रवेशाची सगळी धावपळ मामाच्या गळ्यात आली.

पहिल्याच फोनला आपटलो. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "उमेदवार कुणाची?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीची." त्या हसल्या. "तसं नाही काका. तिला पाठवतंय कोण? मंडळी, डायोसिस, का स्वतःच्या खर्चानं येतेय?" मंडळी म्हणजे गावचं चर्च, आणि डायोसिस म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चेसचा प्रांत.

सेमिनरी कुठली, फी किती, हॉस्टेल कसं हे सगळं नंतर. आधी घरात बसून या प्रश्नाचं उत्तर ठरवा. आम्ही उलटं केलं आणि तीन महिने घालवले. मंडळीनं किंवा डायोसिसनं पाठवलेलं लेकरू असेल तर फीचा काही भार तिकडून उचलला जातो, सुट्टीतली सेवा ठरलेली असते आणि शिकून आल्यावर नेमणुकीची आशा असते. त्या बदल्यात बहुतेक ठिकाणी इतकी वर्षं आमच्याकडंच सेवा करीन असं लिहून घेतात. स्वतःच्या खर्चानं जाणारा मोकळा असतो. पण मोकळा म्हणजे अगदीच मोकळा: पदवी हातात आणि उभं राहायला मंडळी नाही. आमच्या ओळखीचा एक पोरगा तसाच गेला होता. आज मोबाईलच्या दुकानात आहे. उपदेश मात्र अजून झकास करतो, गिऱ्हाईक नसलं की.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सेमिनरी म्हणजे यवतमाळ. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली तिथं सुरू झाली हे खरं, पण १९८३ लाच ती पुण्याला हलली. तरी मला तीन जणांनी मनापासून सांगितलं, "पोरीला यवतमाळला घाला, थेट गाडी आहे." आम्ही अर्ज केला तो तिथंही नाही आणि पुण्यालाही नाही.

मान्यतेचं प्रकरण मला समजायला वेळ लागला. माहितीपत्रकात होतं, 'श्रीरामपूरशी संलग्न'. मला वाटलं आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर. तिथल्या स्टँडवर मी शेकडो वेळा चहा प्यालोय, विद्यापीठ कधी दिसलं नाही. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळी नदीच्या काठचं. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या द्यायची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं दिली, आणि पुढं १९१८ ला बंगालात त्याचा कायदा झाला. देशातल्या बऱ्याच प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांची बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, आजही याच श्रीरामपूरची असते. (बी.डी. सांगितलं की निम्मे पाहुणे बी.एड. ऐकतात. बहिणीनं दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) गंमत अशी की याच केरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, आणि आमची पोरगी त्यांच्या कॉलेजची परीक्षा इंग्रजीत देतेय.

दुसरी मान्यता एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, सगळे एटीए म्हणतात. ती सेमिनऱ्यांमध्ये आणि चर्चेसमध्ये चालते, पण एटीए म्हणजे विद्यापीठ नव्हे. काही ठिकाणी दोन्ही असतात, काही ठिकाणी एक, आणि काही ठिकाणी नुसता गेटवरचा बोर्ड. तुमची मंडळी पाळकपदाची दीक्षा देताना कुठली पदवी धरते ते पाळकसाहेबांकडून आधीच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पाळकांची बदली झाली की त्यांच्याबरोबरच जातं. आमच्याकडं अगदी तसंच झालं. शिफारसपत्र द्यायचं ठरलेले पाळक दुसऱ्या गावी गेले, नवे आले ते म्हणाले, "मी या मुलीला ओळखत नाही, सहा महिने बघतो." माणूस चुकीचं बोलला नाही. पण अर्जाची मुदत सहा आठवड्यांवर होती. शेवटी जुन्या पाळकांच्या गावी जाऊन त्यांचं पत्र आणलं आणि नव्यांनी त्याच्यावर सही केली.

आमचे कॅथलिक शेजारी हे ऐकून म्हणाले, तुमच्याकडं फॉर्म तरी भरता येतो. त्यांच्यात मुलानं फादर व्हायचं म्हटलं तर बिशपच पाठवतो. आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, असं करत मुलाची ऐन तारुण्यातली वर्षं त्यात जातात. आणि मुलीला तर ती वाटच नाही.

कागदांपैकी ज्यानं आम्हाला रडवलं तो कागद म्हणजे नाव. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात 'एस्तेर'. शाळेत गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं, 'इस्तर'. टी.सी.वर इस्तर, दहावीच्या सर्टिफिकेटवर इस्तर, विद्यापीठाच्या मार्कमेमोवर इस्तर, आणि आधारवर कुणा कारागिरानं 'इस्टर' करून ठेवलेलं. एक पोरगी, तीन नावं. सेमिनरीचा कारकून म्हणाला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि पदवी एकाच माणसाची आहे हे सिद्ध करा. तहसीलला चार हेलपाटे, प्रतिज्ञापत्र, आधारची दुरुस्ती. ज्यांच्या घरी लेकरू बारावीला आहे त्यांनी आजच दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून बघा. विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही आधीच काढा, ऐन वेळी मिळत नाही.

जातीचा रकानाही आहे, त्याच्याबद्दल आपल्या लोकांत कुणी मोठ्यानं बोलत नाही. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, १९५६ ला त्यात सगळे शीख आले आणि १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. म्हणजे आजोबांची जात महार असली तरी बाप्तिस्म्याचा दाखला जोडून अर्ज करणाऱ्यानं अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा हिशोब मनात धरू नये. एका नातेवाइकानं सल्ला दिला, "दोन्ही कागद ठेवा, लागेल तो दाखवा." बहिणीनं त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

आता पैसे. राहणं, जेवण, फी धरून वर्षाला लाखाच्या वर आकडा गेला. गावात अजून समज आहे की मिशनरी लोक पैसे भरतात. तो काळ गेला. परदेशातून येणाऱ्या पैशाचे नियम २०२० पासून इतके कडक झालेत की एका संस्थेनं घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही. म्हणून 'स्कॉलरशिप मिळते' असं कुणी म्हटलं तर विचारा: कोण देतं, किती वर्षं, आणि दुसऱ्या वर्षी बंद झाली तर काय? मी विचारलं. उत्तर मिळालं, "प्रभू पुरवतो." मी सलाम करून गप्प बसलो, पण वहीत लिहून ठेवलं.

आमच्यासाठी प्रभूनं कापणीच्या सणात पुरवलं हेही खरं. दरवर्षी लोक शेतातलं काही ना काही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदाचा लिलाव एस्तेरच्या नावानं केला. मोसंबीचे दोन कॅरेट, तुरीची डाळ, एक गावठी कोंबडा, आणि कुणी तरी आणलेला मोठा लाल भोपळा. भोपळा पहिल्यांदा तीनशेला गेला. घेणाऱ्यानं पैसे भरून तो परत टेबलावर ठेवला, "पुन्हा बोला." दुसऱ्यांदा पाचशे. त्यानंही परत ठेवला. तिसऱ्यांदा एका विधवा म्हातारीनं दीडशे म्हटलं, आणि सगळी मंडळी दीडशेवर थांबली. पुढं कुणी बोलेना. तिनं तो घरी नेला. सगळे मिळून अकरा हजार चारशे झाले. वर्षाच्या खर्चापुढं काहीच नाही. पण मुलाखतीत 'तुझ्यामागं मंडळी आहे का' असं विचारलं तेव्हा पोरीनं हाच भोपळा सांगितला.

अर्जाच्या आधी एकदा जाऊन राहून या, वेबसाइटवरच्या बागेच्या फोटोवर जाऊ नका. आम्ही गेलो. एस्तेरला महिलांचं अर्धं तिकीट, मला निवृत्तीचा पास, प्रवास स्वस्तात झाला. पाहुण्यांच्या खोलीत एक रात्र काढली. हॉस्टेल स्वच्छ, आणि पाणी चोवीस तास. आमच्याकडं आठ-आठ, दहा-दहा दिवस नळाला पाणी नसतं, त्यामुळं पोरगी पहिल्यांदा नळ सोडून नुसती बघतच राहिली. "मामा, हे बंद होत नाही का?" तिला तिथंच सेमिनरी पसंत पडली असावी.

मेस मात्र नाही. मिझोराम, नागालँड, केरळ, ओरिसा सगळीकडची मुलं, म्हणून तिन्ही त्रिकाळ भात. चपाती आठवड्यातून दोनदा आणि ज्वारीची भाकरी नाव काढायला नाही. खोलीत शेगडी चालत नाही, त्यामुळं बहिणीनं बांधून दिलेलं पाच किलो ज्वारीचं पीठ मी तसंच परत आणलं.

दुसऱ्या दिवशी एका वर्गात मागं बसू दिलं. ग्रीकचा तास होता, कारण नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला आहे. सरांनी फळ्यावर अक्षरं काढली आणि पोरं आमच्या बालवाडीसारखी एका सुरात म्हणायला लागली, अल्फा, बीटा, गामा. चांगली दाढी-मिशीवाली पोरं. मला बरं वाटलं. ग्रीकमध्ये सगळेच अडाणी, तिथं एस्तेर मागं नाही. पण बाकीच्या विषयांत आहे. बी.ए. मराठी माध्यमातून झालेली मुलगी रोज साठ पानं इंग्रजी कशी वाचणार? सेमिनरीनं जूनआधी महिन्याभराचा इंग्रजी वर्ग ठेवलाय, तो घ्याच. कमीपणा मानू नका. लायब्ररीत मराठी पुस्तकांची एक मांडणी आहे. तिच्यावर धूळ होती, मी बोटानं रेघ ओढून बघितली.

तक्रार दोन गोष्टींची. फीच्या कागदावर अनामत रक्कम लिहिलेलीच नव्हती, प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर कळलं. रविवारच्या सेवेसाठी लांबच्या मंडळ्यांत जावं लागतं, त्याचं भाडंही विद्यार्थ्याच्याच खिशातून. आधी सांगितलं असतं तर जमवलं असतं. इतकी वर्षं मी सुट्टे परत दिल्याशिवाय प्रवाशाला उतरू दिलं नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. याचा एक तारा कापला. मेसचा अर्धा.

बाकीचे साडेतीन मुलाखतीसाठी. चार जण बसले होते, त्यात एक बाई. लाइन चेकिंगवाले गाडीत चढल्यावर जसा पोटात गोळा यायचा तसा मला दाराबाहेर आला. बायबलवर थोडं विचारलं, पाचारण (देवाचं बोलावणं) कसं झालं ते विचारलं, लग्नाचंही विचारलं, कारण शिकताना लग्न करायचं तर परवानगी लागते. बहिणीला हाच घोर होता. मग शेवटी, "शिकून परत मंडळीत जाशील का?" एस्तेर म्हणाली, "मी जाईन. पण आमच्याकडं बाई पाळक कुणी बघितलेली नाही. मला वेदीजवळ उभं करतील का, ते तुम्हीच मंडळीला विचारा." हे तिनं मला बसमध्ये सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. गेली सीट, असंच वाटलं.

प्रवेश मिळाला. आणि पंधरा दिवसांनी सेमिनरीकडून मंडळीच्या नावानं पत्र आलं: आपण पाठवलेल्या उमेदवारानं शिक्षण पूर्ण केल्यास तिच्या दीक्षेचा विचार होईल का, कृपया लेखी कळवावे. इतकं सरळ पत्र आमच्या कमिटीला कधी आलं नसेल. दोन बैठका झाल्या. एकीत आवाज चढले, दुसरीत तीच भोपळेवाली म्हातारी न बोलावता येऊन बसली. उत्तर गेलं, 'योग्य वेळी सहानुभूतीने विचार करण्यात येईल.' खाली सचिवांची सही, शिक्का, तारीख. झेरॉक्स मी माझ्याकडं ठेवलीय. वेबिलाची (कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदाची) प्रत ठेवायची सवय रिटायर झाल्यावरही जात नाही.